घरच्यांनी वापरायचा नाही

मी कमोड बोलतोय. मुरडलंत नाक? मुरडा हवं तेवढं. सकाळी उठल्या उठल्या माझ्याकडेच धाव घेता, आणि चारचौघांत माझं नाव निघालं की तुम्हाला शिसारी येते. आज माझा पारा चढलेला आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी असतो मिठबावला, हरिश्चंद्राच्या घरी. देवगडच्या दुकानातून गवतात गुंडाळून टेम्पोनं मला इथं आणलं. माडांच्या बाजूला त्यानं पाहुण्यांसाठी नवी खोली बांधली होती. पुण्या-मुंबईची माणसं समुद्र बघायला येतात, त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी. खोलीला हरिश्चंद्राच्या बायकोनं, शेवंतीनं, काजू विकून जमवलेले पैसेही लागले होते. मला बसवलं त्या दिवशी ती मला हळदकुंकू लावायला निघाली होती. सून प्राजक्तानं हसत हसत तिचा हात धरला.

आणि त्याच दिवशी हरिश्चंद्रानं फर्मान काढलं. "ह्यो पावण्यांचो. घरच्यांनी वापरूचो नाय."

खोलीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेली. घरच्यांसाठी होता तो जुनाच संडास, विहिरीच्या पलीकडे फणसाखाली. पायरीला शेवाळ, आत दिवा नाही, भांडं काळवंडलेलं. दार लोटलं की स्वतःचा हात दिसत नाही. शेवंतीनं त्यात उभा जन्म काढला, कधी तक्रार केली नाही.

मला मात्र ती रोज घासायची. पाहुण्यांचं काय सांगू! एकजण मोबाइल घेऊन तासभर माझ्यावर ठाण मांडून बसला. एका बाईनं बाळाचे लंगोट माझ्या पोटात कोंबले आणि वर हरिश्चंद्रालाच सुनावलं, काका, तुमचा फ्लश चालत नाही. ते सगळं शेवंतीनं हात घालून काढलं. हा हा म्हणता मी पुन्हा लख्ख.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ती मला घासत होती. पाहुणे नुकतेच गेलेले. एकाएकी तिच्या पोटात कळ आली, अशी की ब्रश हातातून गळाला. फणसापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तिनं कडी लावली आणि चोरासारखी माझ्यावर बसली. स्वतःच्या घरात, चोरासारखी!

उठून तिनं मागं वळून पाहिलं. मी पांढरा. माझ्यात काही लपत नाही. लाल होतं, काळपट लाल, आणि शेंबडासारखं बुळबुळीत काहीतरी. ती बघत राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "आमसुलाचो रंग तो. कढी पिलंय ना." आणि पाणी सोडलं.

अगं बाई! सोलकढीचा रंग मला तू शिकवणार? पाहुणे जिभेला चटक लागली म्हणून वाटीवर वाटी ढोसतात आणि माझ्यातच ओकतात. मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो. पण माझ्याकडे आहे ती नुसती वरची टाकी, तिला फक्त खळखळता येतं.

त्यानंतर ती संधी मिळाली की यायची. कळ आली की, आणि नुसती भीती वाटली तरी. कधी दिवसातून चारदा, कधी दोन दिवस काहीच नाही. आली की आधी देवाचं नाव घ्यायची, उठली की डोळे मिटून वळायची आणि मग एक डोळा उघडायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या. घरात म्हणायची, वय झाला. भावकीतल्या लग्नाला गेली नाही, म्हणाली पाय दुखतात. खरं कारण हे की बसमध्ये कळ आली तर उतरायचं कुठं? आणि मला राग येत होता तो तिचाच. काय लपवतेस? पाप केलंस का?

शेवटी वीज गेली म्हणून उघडकीला आलं. पंप बंद, टाकी रिकामी. शेवंती विहिरीवर कळशी भरायला गेली आणि तेवढ्यात प्राजक्ता चादरी काढायला आत आली. तिनं पाहिलं. कळशी घेऊन सासू दारात आली तेव्हा सून माझ्यासमोर उभी होती.

शेवंतीनं पुन्हा तीच कढीची सबब पुढं केली. प्राजक्ता हळू आवाजात म्हणाली, "आये, घरात कढी होवन आठ दिस झाले."

दुसऱ्या दिवशी ती सासूला देवगडला डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर जे बोलणं झालं ते मी ऐकलं, कारण स्वयंपाकघराची खिडकी माझ्या झरोक्यासमोरच आहे. डॉक्टर म्हणाले होते, साधं काही असेल, नसेलही. आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. मोठ्या हॉस्पिटलातली तारीख मिळाली ती नाताळच्या आठवड्यातली. तोवर थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय ते मला विचारा. शेजारणी सुरण घेऊन आल्या, उष्णता झाली म्हणाल्या, ताक पी म्हणाल्या. शेवंती सगळ्यांना हो म्हणायची. आणि दुपारी प्राजक्ताला जवळ बसवून शिकवायची, मसाल्यात धणे किती मुठी, कुळीथ कुठल्या डब्यात, देवघरातली चांदीची वाटी कुठं ठेवलीय. प्राजक्ता म्हणायची, आये, माका ह्यां आता कशाक सांगतस? शेवंती नुसती डबे पुसत राहायची. ती मरणाची तयारी करत होती, आणि घराचा कर्ता माणूस फोनवर बुकिंग घेत होता.

नाताळचं बुकिंग! नेमके तारखेच्या आसपासचे चार दिवस, मोठं कुटुंब, खोली हवी, जेवण हवं. तपासणीच्या आदल्या दिवशी जुलाबाचं औषध प्यायचं होतं, दिवसभर पोट साफ करायचं होतं. विहिरीपलीकडच्या त्या अंधाऱ्या संडासात, शेवाळलेल्या पायरीवरून, वीस वेळा? हरिश्चंद्रानं उपाय काढला. जेवताना म्हणाला, "मूळव्याध ती. अर्ध्या गावाक आसा. तारीख पुढच्या म्हयन्यात घेवया. पावणे काय रोज येतत?"

प्राजक्ता काही बोलणार, तर सासूनं तिला खुणेनं थांबवलं. अरे हरिश्चंद्रा! संतापानं माझ्या अंगाला तडे जायचे बाकी होते. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लंस आणि तिच्या आतड्यापेक्षा तुला माझी किंमत जास्त?

सकाळी ती आली. चोरासारखी नाही, खिळ्यावरून किल्ली काढून, दणादणा पावलं टाकत. बसली, उठली, बघितलं. या खेपेला पाणी सोडलं नाही. दार सताड उघडलं आणि अंगणात दात घासत असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"हय येवा."

तो आला. दारातच थबकला, नाकाला पंचा लावला.

"वाकान बघा," शेवंती म्हणाली.

"शी! काय ह्यां, शेवंते?"

"बघा म्हणतंय ना. मी रोज बघतंय."

तो वाकला. मी त्याचं तोंड अगदी जवळून पाहिलं. आधी त्यावर किळस होती. मग ती गेली. पंचा नाकावरून खाली आला. किती वेळ तो तसाच वाकून होता, कोण जाणे.

"आता सांगा," ती म्हणाली. मान वर होती. "तारीख बदलतात?"

बाहेर जाऊन त्यानं फोन लावला. पाहुण्यांशी बोलताना तो नेहमी पुस्तकी बोलतो, तसंच बोलला. "रूम देता येणार नाही. नाही, दुसरे कुणी नाहीत. माझी बायको आजारी आहे." शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

काल दिवसभर शेवंती माझ्याकडे होती. औषधाचं पाणी पिताना तिला उमासे येत होते. प्राजक्ता दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, हरिश्चंद्र नारळाचं पाणी गाळून देत होता. लाल काही द्यायचं नाही, दुर्बिणीत ते रक्तासारखं दिसतं, एवढं त्यानं पाठ केलं होतं. संध्याकाळी पोट निवळलं. आज सकाळी तिघंही रिक्षानं गेली.

आता मी रिकाम्या खोलीत आहे. दुर्बिणीत काय दिसेल, मला माहीत नाही. साधं असो, असं मीही म्हणतोय. पण हरिश्चंद्रा, तुला मी माफ केलेलं नाही. एकदा वाकायला तुला इतके दिवस लागले.

आणि तुम्ही, नाक मुरडून वाचणारे! माझ्यात बघत जा. वेगळं काही दिसलं तर पाणी सोडू नका. घरच्यांना हाक मारा.