वैकुंठातला ठसका

सकाळचे सात वाजले नव्हते, तरी मल्हारगंजातल्या त्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेल्यांशी बोलायला आलेली जिवंत माणसं एकमेकांच्या टाचा तुडवीत उभी होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात गेलेल्याचा फोटो, आणि बऱ्याच जणांच्या हातात पोह्यांचा द्रोण, कारण गर्दी पाहून पोहे-जलेबीवाल्यानं आपली भट्टी तिथंच आणून मांडली होती. वैकुंठाचं दार उघडेपर्यंत माणसानं उपाशी का राहावं?

"लाइन मत तोडो, भिया! आत्मे कुठं पळून नाही चालले!" दौलतराव गरजले. होळकरांच्या फौजेत ते हवालदार होते. फौज गेली, संस्थान गेलं, मध्यभारत आलं. दौलतरावांकडे मिशा आणि आवाज तेवढा उरला. श्रवणानंद महाराजांच्या दारी रांग सांभाळायची सेवा त्यांनी आपणहून पत्करली होती.

आतल्या खोलीत भिंतीला टेकून चौरंग होता आणि चौरंगावर हातभर लांबीचा शंख. शंखाच्या बुडाला दोन पितळी भोकं. त्यांत हेडफोनच्या तारेची दोन टोकं खोचायची, हेडफोन कानावर चढवायचा, डोळे मिटायचे, की गेलेलं माणूस बोलू लागे. महाराज त्या हेडफोनला 'कर्णकुंडलं' म्हणत. नाव बदललं की वस्तूचा भाव वाढतो, हे बाजारातल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. भक्तांना मात्र नव्हतं.

"सायन्सवाले सांगतात, आवाज नष्ट होत नाही!" महाराज दाढीवरून हात फिरवीत म्हणत. "मग तो जातो कुठं? ईथरमध्ये! आम्ही फक्त ओंकाराच्या मॅग्नेटिक शक्तीनं त्याला बोलावतो. या घरात बिजलीचं कनेक्शन नाही. कुणीही एक बल्ब शोधून दाखवावा, मी इथंच बसून दाढी उतरवतो!"

लोक छताकडे पाहत. बल्ब नसे. लगेच जयजयकार होई.

रांगेत भानुमतीबाई आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी शालिनी उभ्या होत्या. भानुमतीबाईंचे यजमान चिंतामणराव महूच्या लष्करी वर्कशॉपात वायरलेसचे मेकॅनिक होते. अकरा महिन्यांपूर्वी जेवता जेवता छातीत कळ आली आणि बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. तेव्हापासून शालिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी करीत होती आणि घर त्यावर चालत होतं. त्या घरावर आता वैकुंठातून हुकूम आला होता.

हुकूम असा: मुलीची नोकरी सोडवावी आणि महाराजांचा पुतण्या लक्ष्मीकांत याच्याशी तिचं लग्न लावावं, तरच चिंतामणरावांना गती मिळेल. पुतण्या काय करतो, असं विचारल्यावर महाराजांनी "साधना" असं उत्तर दिलं होतं. साखरपुडा रविवारी ठरला. आज शनिवार होता.

"मी लग्न करणार नाही," शालिनीनं पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं.

"बापाचा शब्द मोडशील? त्यांचा आत्मा लटकत ठेवशील?"

"तो शब्द बाबांचा नाही."

"अगं, मी आवाज ऐकला ना त्यांचा! अकरा महिन्यांनी ऐकला." आणि भानुमतीबाई रडायला लागल्या. त्या रडण्यापुढे शालिनीचं काही चालेना. राग येई, आणि रागावल्याची लाजही वाटे.

पण आवाज तिनंही ऐकला होता. एक्स्चेंजमध्ये रोज शेकडो माणसं तिच्या कानात बोलत. त्या तारेतून येताना शेटजीचा आवाज आणि शिपायाचा आवाज सारखाच पातळ, नाकातला होतो, हे तिला माहीत होतं. तारेत जेवढं गळतं, तेवढं ऐकणाऱ्याचं मन भरून काढतं. आई नवऱ्याच्या आवाजाची भुकेली होती. तिला कुणीही 'भानुमती' म्हटलं असतं तरी तो नवराच वाटला असता.

बरं, आत्म्याला घरातल्या खाजगी गोष्टी कशा कळत? त्याचं उत्तर ओसरीवर बसलेलं असे. महाराजांचे शिष्य मौनीबुवा सात वर्षं बोलले नव्हते म्हणे. जो बोलत नाही, त्याला मनातलं सांगायला माणसाला भीती वाटत नाही. येणारा प्रत्येक जण आपलं सगळं दुःख त्यांच्यापुढं ओतायचा. बुवा मान डोलवायचे. सगळ्यांचं ऐकून झालं की बुवा आतल्या कोठीत समाधीला जायचे, कडी लावून घ्यायचे आणि मग इकडं शंख बोलू लागायचा.

याचा कुणाला संशय आला नाही. शालिनीला आला, तो बुवांच्या गालफडात असलेल्या ज्येष्ठमधामुळे. एक्स्चेंजमधली प्रत्येक मुलगी पर्समध्ये ज्येष्ठमधाची कांडी बाळगते; आठ तास "नंबर प्लीज" म्हटल्यावर घसा धरतो. सात वर्षं तोंड न उघडलेल्या माणसाचा घसा कशानं बसतो?

आणि दुसरी गोष्ट. कर्णकुंडलं कानावर चढवताना तिनं मागची बाजू पाहिली होती. तिथं बारीक अक्षरांत छाप होता: चार हजार ओहम. ओंकाराच्या शक्तीला ओहमची, म्हणजे विजेच्या मापाची, गरज पडावी, याचं तिला नवल वाटलं. घरी जाऊन तिनं बाबांची हत्यारांची पेटी उघडली.

"आई," ती म्हणाली, "हा बाबांचा हेडफोन. वीस वर्षं त्यांच्या कानाला होता. त्यांना बोलायचंच असेल, तर यातून पहिलं बोलतील ना?"

भानुमतीबाईंना ते पटलं. हेडफोन त्यांनी पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

त्यांचा नंबर आला तेव्हा खोली गच्च भरलेली होती. शालिनीनं तो जुना फौजी हेडफोन पुढं केला.

"महाराज, हा बाबांचा स्वतःचा हेडफोन, वीस वर्षं त्यांच्या कानाला होता. यातून ऐकू द्या आईला."

महाराजांनी नाक मुरडलं. "ये मामूली चीज? मंत्रानं शुद्ध केलेली नाही."

"बीस साल कानाला लावली त्यांनी, महाराज," मागून एक म्हातारी म्हणाली. "उससे जादा शुद्ध क्या होगा?" लोकांनी माना डोलावल्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही.

शालिनीनं टोकं भोकांत खोचली. भानुमतीबाईंनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काहीच नाही गं. कुणीच नाही."

"नजर!" महाराज कडाडले. "इथं कुणा नास्तिकाची वाईट नजर पडली आहे. आत्मा बिथरला!" खोलीतल्या सगळ्यांनी शालिनीकडे पाहिलं.

तिनं पिशवीतून मुठीएवढं लोखंडी डबडं काढलं. त्यातून चार तारा बाहेर आल्या होत्या. "हा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. बाबा याला मध्यस्थ म्हणायचे. त्यांच्या सेटमध्ये या हेडफोनबरोबर हा लागायचाच." दोन तारा शंखात, दोन हेडफोनला. "आता ऐक, आई."

भानुमतीबाई दचकल्या. "भानुमती... शालूचं लग्न कर... मला गती दे..."

"आले! आले गं!"

शालिनी गर्दीकडे वळली. "नीट ऐका. शंखातून वीज येते आहे. ती म्हणजे पाण्याची बारीक धार समजा, जोर मोठा पण पाणी थोडं. महाराजांच्या हेडफोनात केसासारख्या तारेचे हजारो वेढे आहेत. त्याला तेवढी धार पुरते. बाबांचा हेडफोन जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा. त्याला धार चालत नाही, घागरभर पाणी लागतं. हे डबडं मधे बसून जोर कमी करतं आणि पाणी वाढवतं. जोडी जुळली, आवाज आला. माझ्या बापाचा आत्मा असता, तर त्याला या डबड्याची गरज पडली असती का? ओहम विजेला लागतात, आत्म्याला नाही!"

पुढच्या दोघांतिघांनी वाकून डबड्याच्या तारा पाहिल्या. शालिनीला वाटलं, समजलं यांना. तेवढ्यात महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? आमच्या कृपेनं लोखंडसुद्धा पवित्र झालं! डबडंसुद्धा बोललं!"

"श्रवणानंद महाराज की जय!" दौलतरावांचा आवाज सगळ्यांत वर होता.

असं असतं. खरं सांगायला दहा वाक्यं लागतात आणि ते झाकायला एक आरोळी पुरते. शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हरल्याचं नव्हतं, संतापाचं होतं. मग तिला महाराजांचाच शब्द आठवला.

"महाराज, नजर लागली म्हणालात. मग दृष्ट काढायला हवी ना? नाहीतर आत्मा पुन्हा बिथरेल."

महाराज घुटमळले. "त्याची... काही जरुरत नाही..."

"जरुरत कशी नाही?" दौलतराव पुढं सरसावले. "नजर म्हणजे खेळ आहे का, महाराज? मी आणतो सगळं!" आणि निष्ठावंत हवालदार पोहेवाल्याच्या भट्टीतले निखारे घमेल्यात घालून, बाजूच्या दुकानातून मूठभर लाल मिरच्या, मोहरी आणि मीठ घेऊन हजर झाले.

भानुमतीबाईंनी अगदी मनापासून दृष्ट काढली. शंखावरून सात वेळा मूठ ओवाळली, "आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची" असं पुटपुटल्या. शालिनीनं घमेलं उचलून कोठीच्या दाराशी ठेवलं. "आत मौनीबुवा समाधीत आहेत. त्यांनाही लागली असेल."

मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या. दौलतराव भक्तिभावानं अंगोछ्यानं वारा घालू लागले आणि धूर दाराखालच्या फटीतून आत शिरला. शालिनीनं हेडफोन पुन्हा आईच्या कानांवर चढवला.

"काय म्हणतात बाबा?"

"म्हणतात... 'भानुमती, लवकर...'" त्या थांबल्या. "खोकताहेत."

"कोण?"

"ते. ठसका लागलाय त्यांना." आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हणतात, 'मर ग्यो रे! किवाड़ खोलो!'"

तेच शब्द कोठीच्या दारामागूनही आले, हेडफोनशिवाय, सगळ्या खोलीला ऐकू जातील असे. कडी खाडकन निघाली आणि सात वर्षं मौन पाळणारे बुवा नाकाडोळ्यांतून पाणी गाळीत, आईबापांचा उद्धार करीत बाहेर कोसळले. एका हातात मायक्रोफोन होता. गालात ज्येष्ठमधाची कांडी अजून तशीच होती.

दौलतराव तोंडाला अंगोछा बांधून आत शिरले. कोपऱ्यात रेडिओला लावतात तसल्या बॅटऱ्यांची रांग, तिला जोडलेला फळीवरचा अँप्लिफायर, तिथून भिंतीतून शंखाकडं गेलेली तार, आणि फळीवर मंद तांबूस पेटलेले काचेचे दोन व्हॉल्व्ह. हवालदारांनी ते बराच वेळ पाहिले. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "महाराज, बल्ब सापडले. एक नाही, दो-दो. न्हाव्याला बोलावू?"

महाराजांनी तरीही तोंड उघडलं. "ये... ये आत्मा बुवांच्या शरीरात..."

"गप्प बसा." हे भानुमतीबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी हेडफोन काढून छातीशी धरला होता. "माझ्या नवऱ्याचा श्वास माझ्या मांडीवर थांबला. मी पाहिलाय थांबताना. ज्याला श्वासच नाही, त्याला ठसका कसा लागेल? आणि मिरच्यांचा ठसका लागला म्हणजे नजर नव्हतीच, एवढं तर आमच्या आजीलाही कळत होतं."

कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. पण मघाची म्हातारी भिंतीला धरून उभी होती. "बाई, मग माझा मुलगा? तो रोज बोलायचा माझ्याशी."

शालिनीला तिच्याकडे बघवेना. खोटं काढून घेतलं, तरी त्या जागी द्यायला हातात काही नव्हतं. "आजी, तो बुवा बोलायचा. तुमच्या मुलाचं तुम्हीच त्याला ओसरीवर सांगितलं होतं. तुमच्या जवळ जे होतं, तेच तो तुम्हाला परत देत होता. ते अजून तुमच्याजवळच आहे." म्हातारी रडली. तिचा हात भानुमतीबाईंनी धरला.

दौलतरावांनी त्या दोघांना, म्हणजे महाराज आणि बोलक्या मौनीबुवांना, फौजी पद्धतीनं पुढं घालून मागच्या दारानं पोलीस चौकीवर नेलं. दाढी तेवढी चौकीपर्यंत शाबूत होती. पुतण्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही. साधना करीत असेल.

बाहेर रांग अजून तशीच होती. मागच्यांना काही कळलं नव्हतं. ते फोटो सावरीत पुढं सरकत होते. भानुमतीबाई पायरीवर उभ्या राहिल्या. आजच्या सकाळपर्यंत त्या चार माणसांपुढं मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"ऐका रे! आत कुणी नाही. भिंतीमागं एक माणूस होता, तो पकडला गेला. मी फसले, कारण मला फसायचं होतं. तार शंखात गेलेली मी रोज बघत होते, पण शंखातून पुढं ती कुठं जाते, हे एकदाही विचारलं नाही. माझ्या पोरीचा जन्म त्या तारेला बांधायला निघाले होते मी! यापुढं कुणी कितीही मोठा महाराज येऊ दे, पाया पडायच्या आधी एवढंच विचारा: तार कुठं जाते? आणि शंख उचलून बघा. उचलू देत नसेल तर घरी जा."

माणसं लगेच हलली नाहीत. मग एकानं हातातला नारळ पिशवीत टाकला, दुसरा मागं वळला, आणि रांग हळूहळू मोडू लागली.

भानुमतीबाई मुलीबरोबर घरी निघाल्या. हेडफोनची तार त्यांनी नीट गुंडाळून घेतली होती, चिंतामणराव गुंडाळायचे तशी. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या घरी कुणी यायचं नाही, ना? मग सोमवारी तुझी ड्यूटी किती वाजता?"

"सहाची, आई."

"डबा साडेपाचला तयार ठेवते," त्या म्हणाल्या.