क्रागेरोचे नारिंगी जाकीट

मित्रांनो, मला आज कुणाची तक्रार करायची नाही. आभार मानायचे आहेत. मी एक नारिंगी लाइफ जॅकेट आहे, लहान मुलांच्या मापाचे. राहते कतारमध्ये, पण माझा जन्म नॉर्वेतला.

क्रागेरो हे तिथले समुद्रकाठचे चिमुकले गाव. पांढरी लाकडी घरे, धक्क्याला बांधलेल्या होड्या आणि समोर खडकाळ बेटे. तिथल्या एका शिवणघरात माझ्या पोटात फोम भरला गेला आणि मानेमागे जाड कॉलर शिवली गेली. पाण्यात पडलेल्या मुलाचे तोंड आभाळाकडेच राहावे, यासाठी ती कॉलर. इंगेर नावाच्या बाईंनी मला विकत घेतले. त्या आपल्या होडीतून लोकांना बेटांवर नेत असत.

१९७७च्या उन्हाळ्यात, एका रविवारी, धक्क्यावर तीन माणसे आली. गिरीश, त्याची बायको शशिकला आणि त्यांची लेक नयना. मूळचे नाशिकचे. गिरीश कतारमध्ये खताच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि कंपनीने त्याला काही महिने नॉर्वेत शिकायला धाडले होते. सुटी म्हणून तो दोघींना समुद्रावर घेऊन आला होता.

पण शशिकला होडीपासून लांबच थबकली. तिचा धाकटा भाऊ गोदावरीच्या पुरात गेला होता. तेव्हापासून तिने पाण्याची धास्तीच घेतली होती. दोह्यातही ती नयनाला किनाऱ्याकडे फिरकू देत नसे.

"अहो, तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "आम्ही दोघी इथंच बसतो."

"इतक्या लांब येऊन धक्क्यावर बसायचं?"

"काय झालं? इथूनही दिसतो समुद्र."

इंगेरबाईंना बोलणे कळले नाही, पण चेहरा कळला. त्यांनी आग्रह केला नाही. मला खुंटीवरून काढून नयनाच्या अंगात चढवले. कमरेचा पट्टा आवळला, पायांमधला अडकवला. मग शशिकलेचा हात धरून माझ्या कॉलरच्या पट्ट्यावर ठेवला आणि खुणेने सांगितले, उचला. शशिकलेने उचलले. लेक अलगद वर आली, मी तसूभरही सरकले नाही. मग इंगेरबाई स्वतः कडेच्या उथळ पाण्यात उतरल्या आणि त्यांनी नयनाला पाण्यावर उताणे ठेवून हात काढून घेतला.

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून तरंगले.

"आई, लुक, आय ॲम नॉट सिंकिंग," नयना म्हणाली.

शशिकला पाण्याच्या अगदी कडेशी आली. मग नवऱ्याला म्हणाली, "त्यांना विचारा, माझ्या मापाचं आहे का एखादं."

अशा रीतीने आम्ही बेटावर गेलो. ऊन कोवळे होते, खडक पाठीला शेकतील इतपत तापलेले. शशिकलेने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. इंगेरबाईंनी पुरीवर आपला स्ट्रॉबेरीचा मुरांबा घालून ती खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली. खाणे झाल्यावर शशिकला खडकाला टेकली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला.

ती दचकून उठली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. मी नयनासह पाण्यात होते आणि गिरीश कमरेएवढ्या पाण्यात आमच्याशेजारी उभा होता.

"उठवलं का नाही मला?"

"लग्न झाल्यापासून तुला इतकी निवांत झोपलेली पाहिली नव्हती," गिरीश म्हणाला. "उठवावंसं वाटलं नाही."

संध्याकाळी शशिकलेने मला घडी करून परत दिले, तर इंगेरबाईंनी मला पुन्हा तिच्याच हातात ठेवले. म्हणून मी कतारला आले.

पुढे सुटीचे कित्येक शुक्रवार आम्ही अल वक्राच्या किनाऱ्यावर घालवले. घरी आले की शशिकला मला गोड्या पाण्यातून काढी आणि सावलीत वाळत घाली. नयना पोहायला शिकली, वाढली, आणि मी कपाटावर बॅगांच्या मागे जाऊन पडले. तिथे धूळ खात काही वर्षे गेली. वाईट वाटले, पण लहान मूल मोठे झाले याचा राग कोण धरील?

मग शेजारी जाफर आणि हमिदा राहायला आले. रत्नागिरीकडची माणसे. जाफर बंदरात लाँच दुरुस्त करायचा. एका हिवाळी शुक्रवारी सगळे मिळून लाँचमधून फिरायला निघाले, तेव्हा शशिकलेने मला खाली काढले, पाण्यात दाबून मी वर येते का ते पाहिले आणि त्यांच्या छोट्या रबियाला घातले.

जाफर हसला. "वैनी, आम्ही खाडीवरची माणसं. आमची पोरं पाण्यातच वाढतात."

"वाढू देत, जाफरभाई. पट्टा मात्र मी आवळणार."

परतताना वारा फिरला. लाँच एकदम कलली आणि कडेला उभी असलेली रबिया पाण्यात गेली. आम्ही दोघी क्षणभर खाली गेलो, लगेच वर आलो. लाटा तोंडावर येत होत्या, पण कॉलरने तिचे डोके धरून ठेवले. ती रडत होती, म्हणजे श्वास घेत होती. जाफरने लाँच वळवली. शशिकला लाँचच्या कडेवर पालथी झाली आणि कॉलरचा पट्टा पकडून तिने पोरीला वर ओढले. भावाच्या वेळी तिच्या हाताला काहीच लागले नव्हते.

हमिदाने ओल्या लेकीला पोटाशी धरले. मग ती म्हणाली, "वैनी, हे पट्टे कसे बांधायचे ते मलाही दाखवा."

त्यानंतर शेजारची किती मुले माझ्या अंगाखांद्यावर वाढली. ऊन आणि मीठ मात्र कुणाला सोडत नाहीत. १९८६ साली शशिकलेने मला नेहमीसारखे पाण्यात दाबले, तर मी अर्धवटच वर आले.

"चालेल अजून थोडे दिवस," जाफर म्हणाला.

"बघणाऱ्याला चालेल. ज्याच्या अंगात असेल त्याला नाही चालणार."

तिने नवी जाकिटे आणवली आणि एक दिवस कात्रीने माझे पट्टे कापून टाकले, चुकूनही कुणी मला मुलाला घालू नये म्हणून. मित्रांनो, तुमच्या वस्तू धुवा, वाळवा, त्यांच्याकडून भरपूर काम घ्या. पण त्या थकल्या की त्यांच्यावर कुणाचा जीव सोपवू नका. माझ्या हातून एकही मूल बुडाले नाही. हे भाग्य मला त्या कात्रीने दिले.