दरीला ‘ण’ येत नव्हता

पंधरा दिवसांपूर्वी अकोल्यात वडिलांच्या मांडवाच्या दुकानात बसून परवेज फोनवर म्हणाला होता, “हो मॅडम, आमच्या दरीत प्रतिध्वनी येतो,” तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. मे महिन्यात पातूरच्या पुढच्या डोंगरात हाकदरीच्या कड्यावर उभा राहून तो स्वतः ओरडला होता आणि दरीनं त्याचं नाव स्वच्छ धुऊन परत केलं होतं. घोळ एवढाच, की मे महिन्यात सागाला पान नसतं. आता दिवाळी होऊन गेली होती, अख्खी दरी हिरवी झाली होती, आणि कड्यावरून कितीही ओरडलं तरी आवाज खाली सागात शिरायचा आणि तिथंच मुक्काम करायचा.

“दरी मुकी झाली बे,” परवेज मनोजला म्हणाला. पाहुणे यायला दोन तास होते.

मनोजच्या घरचा अकोल्याच्या बाजारात भाजीचा ठेला होता. मनोज ‘मेथीऽऽ’ म्हणाला की पलीकडच्या गल्लीतली माणसं पिशवी शोधायला लागायची. परवेज त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

“असं पाहून काहून राहिला माह्याकडं?” मनोज म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “नाई बे. मी दरी नाई होत.”

“फक्त आजच्या दिवस.”

परवेजला दुसरा इलाजच नव्हता. त्याचे वडील फारुखभाई तीस वर्षं लग्नाचे मांडव घालत होते, आणि लग्न नसताना माणसं तंबूत काहून झोपतील, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. तरी पोराच्या हट्टापायी त्यांनी एक सहल मंजूर केली होती. पाहुण्यांची एक जरी तक्रार आली, तर कॅम्पिंग बंद आणि परवेज सोमवारपासून दुकानात. आपलं कापड दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही म्हणून ते स्वतःही आले होते. त्यामुळे रानात लाल-सोनेरी झालरीचे चार शामियाने उभे होते. स्वागतकमानीवरच्या ‘शुभविवाह’मधला ‘विवाह’ पडद्यानं झाकला होता आणि जंगलाच्या तोंडाशी नुसतंच ‘शुभ’ लटकत होतं. सोबत लग्नाचे आचारी देवराव. त्यांचा हात तीनशे पानांच्या खाली येत नसे. पाहुणे आठ होते.

परवेजनं मनोजला तीन नियम दिले: थोडं थांबायचं, ऐकलं तेवढंच बोलायचं, स्वतःचं मत द्यायचं नाही. मनोज वळसा घालून समोरच्या कड्यावर गेला आणि एका खडकामागं बसून दरी झाला. फारुखभाईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मांडवाच्या धंद्यात त्यांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं आणि आता सुरुवात करायचा त्यांचा विचार नव्हता.

पाहुणे पुण्याचे होते. म्होरक्या नीलमताई, गळ्यात शिट्टी, हातात वही. दुपारभर सगळे दरीच्या कडेकडेनं चालले, आवळे वेचले, मोराचं पीस सापडलं म्हणून भांडले, आणि उन्हं कलता कलता कड्यावर येऊन उभे राहिले.

“नीऽऽलम!” नीलमताई ओरडल्या.

“नीऽऽलम!” दरी म्हणाली. टाळ्या पडल्या. परवेजनं श्वास सोडला.

मग भाषाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक गोवर्धन सर पुढं झाले. “कोणी आहे काऽऽ?”

दरी थोडी थांबली. “कोनी हाये काऽऽ?”

सगळे परवेजकडे वळले.

“खडक काळा आहे ना सर,” परवेज म्हणाला. “त्याच्यातून ‘ण’ पास होत नाही.”

गोवर्धन सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा कड्याकडं तोंड केलं. “मला पाणी द्याऽऽ!”

“मले पानी द्याऽऽ!”

“आम्ही चालत आहोतऽऽ!”

“आमी चालून राहिलोऽऽ!”

सरांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं त्यांनी बोलीभाषा शिकवल्या होत्या, पण पत्थराला विभक्ती बदलताना ते पहिल्यांदाच पाहत होते. नीलमताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते परवेजला दिसेना, आणि त्याला सोमवार दिसायला लागला.

तेवढ्यात मागून फारुखभाई तरातरा आले. चहाला उशीर झाला होता आणि दुपारपासून मनोज कुठं सापडत नव्हता. कड्यावर येऊन त्यांनी दोन्ही हातांचा भोंगा केला.

“मनोऽऽज!”

“बोला चाचाऽऽ!” दरी म्हणाली.

“अबे, साखरेचा डबा कुठं ठेवलाऽऽ?”

“देवराव काकाच्या उशाखाली पाहाऽऽ! मुंग्या लागून राहिल्या होत्याऽऽ!”

खाली कुठंतरी एक होला घुमला, आणि त्याचाही सगळ्यांना संशय आला.

फारुखभाईंनी समोरच्या कड्याकडं पाहिलं, मग पोराकडं पाहिलं. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी घोडीवरून पळालेला नवरदेवसुद्धा पाहिला होता, त्यामुळे त्यांना सगळं लगेच कळलं. ते नीलमताईंसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, पोरानं तुमाले फसवलं. तक्रार असंल तं सांगा. लाजू नका.”

“आहे,” नीलमताई म्हणाल्या. परवेजनं डोळे मिटले. नीलमताईंनी वहीतून त्याचं छापील पत्रक काढलं. “इथं लिहिलंय, प्रतिध्वनी तीन वेळा येतो. आम्हाला एकदाच आला. बाकीचे दोन कुठायत?”

फारुखभाईंनी पत्रक हातात घेतलं. “हे छापलं कोनं?”

“मी, अब्बा.”

“तीन काहून छापले?”

“एक बरा नाई दिसत होता.”

फारुखभाईंचा चेहरा मांडवाच्या दिवशी व्हायचा तसा झाला. खुर्च्या शंभर लिहिल्या असतील तर शंभर, मग पाहुणे चाळीस का असेनात. “सकाळी भेटतील, बाई,” ते म्हणाले. “लिहिले तीन तं देनार तीन.” आणि परवेजच्या खांद्यावर हात ठेवून हळूच, “सोमवारी दुकानात येऊ नको. तिकडच्या कड्याले जायची वाट लई खराब दिसते, ते अगुदर साफ कर. रोज रोज कोन वळसा घालीन?”

परवेजला ‘रोज रोज’ एवढंच ऐकू आलं. तो तिथंच मांडी घालून बसला.

सकाळी आठ वाजता आठही पाहुणे कड्यावर रांगेत उभे होते. पलीकडं तीन खडकांमागं तीन माणसं. पहिला मान गोवर्धन सरांचा. त्यांनी रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण नाश्ता अजून झाला नव्हता. कारण आचारी पलीकडं होता. त्यामुळे ऐनवेळी तोंडातून वेगळंच निघालं.

“मला भूक लागली आहेऽऽ!”

“मले भूक लागली हायेऽऽ!” मनोज म्हणाला.

“मेरेकू भूक लगीऽऽ!” हा आवाज भारदस्त होता, फारुखभाईंचा.

मग बराच वेळ काही नाही. परवेज मान लांब करून पाहू लागला. नीलमताईंनी पेन उघडलं.

“आलो, आलोऽऽ!” तिसरा प्रतिध्वनी आला. “तीस किलो पोहे भिजवून ठेवले हायेतऽऽ!”