साबणाची खळगी

मी सुशीलाबाईंचा धुण्याचा दगड बोलतोय. म्हणजे परवा-परवापर्यंत त्यांचा होतो. आता कोणाचा, ते सावकाश सांगतो; अंग फार ठेचून निघालंय. निम्म्या येरवड्याच्या गोधड्या माझ्यावर आपटल्या गेल्यात. निम्म्या नसतील, पण दुखतं तेवढंच.

माझा जन्म कात्रजच्या डोंगरातला. पाथरवटाने मला घासून सपाट केलं, कारण मी एका बाईच्या कबरीसाठी होतो. पुरुषाच्या कबरीच्या दगडावर मधोमध कलमदानासारखा उंचवटा ठेवतात. बाईचा दगड पाटीसारखा सपाट. माझ्यावर उर्दूत नाव कोरलं, हमीदाबी. उशाशी एक खळगी केली, पाखरांना पाणी प्यायला. हमीदाबीचा मुलगा जब्बार तांब्या घेऊन ती भरायला यायचा. एकदा तांब्या निसटला आणि खळगीची कड उडाली. लागलं मला, रडला तो.

पुढे ते कुटुंब कोंढव्याला गेलं. त्यांच्या त्या घरच्या कबरस्तानाचं कुंपण पडलं, सुबाभळी माजल्या, लोकांनी राडारोडा आणून टाकला. पुण्यात मोकळी जागा दिसली की कोणाचा तरी फुटका कमोड तिथे येतोच. त्या ढिगाऱ्यात शेजारच्या सुशीलाबाईंच्या यजमानांना मी दिसलो. "चांगली फरशी आहे," म्हणाले, आणि मला परसात नळाखाली टाकलं.

माझ्यावरची अक्षरं सुशीलाबाईंना नक्षी वाटली. तिच्यावर त्यांनी टाचा घासल्या, खळगीत साबण ठेवला. हमीदाबीचं नाव थोडंथोडं करून गटारात वाहून गेलं. मी ओरडलो नाही. सुशीलाबाईंपुढे ओरडणं त्यांच्या यजमानांनाही कधी जमलं नव्हतं.

यंदा थंडीत जब्बारभाई परत आले. हातात काठी, सोबत मुलगी रुकसाना. सुट्टीच्या दिवशी दोघं कोयत्याने सुबाभळी तोडायची. डोळे पुरते जायच्या आत आईच्या कबरीपाशी बसून फातेहा पढायची, एवढंच त्यांना हवं होतं. पण सगळं साफ झालं, तेव्हा बिनदगडाचे ओटे दोन निघाले. एक आईचा, एक चुलतीचा; कुठला कोणाचा, ते कळेना.

"अब्बा, दोन्हीकडे पढा की," रुकसाना म्हणाली.

"दोघींचं जन्मभर पटलं नाही. आईच्या वाटची फातेहा आधी चुलतीपाशी पढलो, तर वर गेल्यावर आई मला दारात उभं करेल."

त्या दुपारी ते पाय धुवायला सुशीलाबाईंच्या परसात आले. कोणाच्या कबरीवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून चालणारा हा माणूस माझ्यावर ऐसपैस उभा राहिला.

"साबण तिथेच आहे बघा, खळगीत," सुशीलाबाई म्हणाल्या.

ते वाकले. बोट फुटक्या कडेवर गेलं, थांबलं. मग सावकाश खाली उतरून ते ओल्या जमिनीवरच बसले.

"सुशीलाबाई, हा दगड कुठला?"

"आमच्या ह्यांनी आणलेला. का, तुम्हालाही धुणं काढायचंय?"

"ह्याची कड मी फोडलीय. आईच्या कबरीचा आहे हा."

सुशीलाबाईंच्या हातातली बादली कलंडली. "मला वाटलं नक्षी आहे हो," एवढंच बोलल्या.

"आई पण धुणं जोरातच आपटायची," जब्बारभाई म्हणाले. "तिने समजून घेतलं असेल."

मला उचलून नेलं. पहिल्या ओट्यावर ठेवून पाहिलं, तर मी वीतभर बाहेर आलो. दुसऱ्यावर असा बसलो, जसा मधे कधी उठलोच नव्हतो. तिथे ते फातेहा पढले. नाव पुन्हा कोरून घेऊ, असं रुकसाना म्हणाली.

"राहू दे. आता त्याला कोणी ठोकू नका," जब्बारभाई म्हणाले. एवढा शहाणा माणूस मी उभ्या पुण्यात पाहिला नाही.

आता खळगी भरायला सकाळी सुशीलाबाई येतात. पहिल्यांदा पाण्याला फेस आला. साळुंकी चोच लावून उडून गेली. "सुटत नाही मेला," असं पुटपुटत बाई रोज बोटाने खळगी खरवडतात. आज साळुंकी प्यायली. बाई रिकामा तांब्या घेऊन बसून राहिल्या.

मी पडून आहे. मला आता उठवू नका.