अनुभवाचा रकाना

सासूबाई गेल्यानंतर सातव्या महिन्यात थोरल्या सुनेने नोकरीचं मनावर घेतलं. औषधांच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला होता: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या निवासात सेविका हव्यात, बायोडेटा घेऊन यावे. नवरा म्हणाला, "जा की. तुझ्याइतकं हे काम कुणाला येतं?" आणि पंचेचाळिसाव्या वर्षी थोरली जेवणाच्या टेबलाशी आयुष्यातला पहिला बायोडेटा लिहायला बसली.

नाव झालं, पत्ता झाला, बारावी पास झालं. मग तिने 'अनुभव' असं लिहून खाली रेघ ओढली आणि पेन अडलं. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्या जाईपर्यंत नऊ वर्षं तिने त्यांचं सगळं केलं होतं. पण त्याला अनुभव कसं म्हणायचं? ते तर घरचं. बऱ्याच वेळाने तिने रेघेखाली लिहिलं, 'नाही.'

तेवढ्यात धाकटी जाऊ ऑफिसातून आली. ती आली की दीर उठून पाण्याचा पेला पुढे करायचा. "दमून आलीय," म्हणायचा. आजही म्हणाला. थोरलीच्या कपाळावर आठी आली. नऊ वर्षांत ती दमली असेल असं कुणाला कधी सुचलं नव्हतं. घरातच तर होती! धाकटीचा फोन वाजला की सगळे आवाज खाली करत. थोरलीचा वाजला की विचारत, "कोण गं?" असल्या बारीकसारीक गोष्टी तिने मनात वर्षानुवर्षं साठवल्या होत्या, आणि आपल्याला हेवा वाटतो हे मात्र स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"'नाही' काय लिहिता, ताई?" धाकटी कागदावर वाकली. "थांबा, माझा बायोडेटा छापून देते. त्यावरून अंदाज येईल." दोन पानं हातात देऊन ती अंघोळीला गेली.

थोरली वाचू लागली. एकेक ओळ तिला खुपत होती. साधं फोन उचलणं, तर त्याला म्हणे 'ग्राहकांशी समन्वय'! दुसऱ्या पानावर मात्र तिची नजर खिळली.

'दीड वर्षाचा खंड. कारण: पक्षाघातग्रस्त सासूबाईंची पूर्णवेळ शुश्रूषा. नळीवाटे आहार, औषधांचे वेळापत्रक, दर तीन तासांनी कूस बदलून शय्याव्रणांना प्रतिबंध, रुग्णास मानसिक आधार.'

तिने ते तीनदा वाचलं. त्या दीड वर्षात धाकटीची नोकरी सुटली होती आणि ती खोलीचं दार लावून बसायची. सासूबाईंच्या खोलीशी यायची ती नाकाला रुमाल लावून, उंबऱ्यापर्यंतच. आयत्या पिठावर रेघोट्या! पण तिला जास्त झोंबलं ते वेगळंच. ओळी सुरेख होत्या. केलं आपण, आणि शब्द तिच्याकडे.

धाकटी ओले केस पुसत बाहेर आली, तेव्हा थोरलीने पान तिच्यापुढे सरकवलं. "हे कुणी केलं गं?"

धाकटीचा चेहरा उतरला. "ते त्यात आहे हे मी विसरूनच गेले होते, ताई."

"विसरलीस?"

"मुलाखतीत विचारलं, दीड वर्ष काय करत होतात? घरी बसून रडत होते, असं कसं सांगू? तुम्ही काय काय करता ते उंबऱ्यातून बघायची मी. तेच सांगितलं. पाव तास बोलले. त्यांनी तिथल्या तिथे घेतलं मला."

म्हणजे ती नोकरी, तो पाण्याचा पेला, ते 'दमून आलीय' सगळं आपल्याच जिवावर! थोरलीला ते पान टराटरा फाडावंसं वाटलं. पण उद्या निवासात जायचं होतं आणि रेघेखाली अजून 'नाही'च होतं.

"संगणक आण," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही. आणि तीन तास नाही, दोन. दर दोन तासांनी कूस बदलायची. तीन तास ठेवलं तर पाठ सोलवटते. बघायचीस म्हणे!"

धाकटी मुकाट्याने लिहू लागली. थोरली बोलत राहिली: नळीने भरवल्यावर अर्धा तास डोकं उंच ठेवायचं, जड माणूस उचलायचा नाही, चादरीसकट सरकवायचा, बोलता येत नसलं तरी डोळ्यांवरून दुखणं ओळखता येतं. बोलता बोलता पानभर झालं. धाकटीने वर 'नऊ वर्षे' असं ठळक केलं.

"आता तुझ्यातलं काढ."

धाकटीने त्या ओळी पुसल्या. मधे पांढरी जागा राहिली. "इथे काय लिहू?"

"नोकरी नव्हती, असं लिही. मी नाही का आत्तापर्यंत 'नाही' लिहीत होते!"

दुसऱ्या दिवशी निवासाच्या मुख्य परिचारिकेने कागद सावकाश वाचला आणि तिला एका खाटेशी नेलं. खाटेवर दोन माणसांना आवरणार नाहीत अशा आजीबाई होत्या. "कूस बदला." थोरलीने आधी आजींच्या कानाशी वाकून सांगितलं, "आजी, तुम्हाला भिंतीकडे वळवतेय हं," मग चादर धरली आणि एकटीने त्यांना अलगद वळवलं. पाठीशी उशी खोचली, कानाची पाळी दुमडली होती ती सरळ केली.

"सोमवारपासून या," परिचारिका म्हणाली. "बाकी, बायोडेटा छान लिहिलाय. तुम्ही लिहिलात?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"माझ्या जावेने," थोरली म्हणाली, आणि ते शब्द दाढ उपटावी तसे बाहेर आले. "माहिती माझी."

संध्याकाळी नोकरी लागल्याचं तिने घरात सगळ्यांना सांगितलं. धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते. "कागद वाचला का हो त्यांनी? काय म्हणाल्या?"

"वाचला," थोरली म्हणाली. बायोडेटाचं कौतुक झाल्याचं मात्र तिने पोटातच ठेवलं.