तारेने बांधलेलं गेट

मित्रांनो, नीट पाहिलंत तर मी एके काळी सायकल होते हे तुम्हाला ओळखता येईल. माझं पुढचं चाक पापडासारखं वाकलं आहे आणि मागचं तर नाहीच. वलारा नावाच्या गुरांच्या रानात एका लोखंडी गेटाला मी कायमची जोडलेली आहे. पांढरे काकाकुवे माझ्या हँडलवर बसून भांडतात आणि घाण करून उडून जातात. पण माझे दिवस नेहमीच असे नव्हते.

मला नेरिडा ट्रिगने घडवलं. ती एडलेडला जहाजांच्या गोदीत वेल्डर होती. कामावरून आली की ती घरामागच्या शेडमध्ये तोंडावर मुखवटा चढवून माझ्या नळ्या जोडत बसायची. एक सांधा मनासारखा झाला नाही तर तो कापून पुन्हा जोडायची. त्यामुळे माझ्या सांध्यांचा मला फार गर्व होता, आणि तो मी आजही सोडलेला नाही.

एकटीने लाल वाळवंट पार करायचं, असं तिने गोदीतल्या लोकांना सांगितलं तेव्हा ते हसले. आठवड्यात रडत परत येशील, असं त्यांनी तिला ऐकवलं. नेरिडा हट्टी होती. तिने माझ्यावर पाण्याच्या पिशव्या, तंबू आणि डबाबंद शेंगा लादल्या आणि निघाली. शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या पायगाडीवर जाणार? अगं, माझा नवरा तिकडे जीपने जायलाही कुरकुरतो."

मला राग आला. मग त्याच बाईने माझ्या सांध्यांवरून बोट फिरवून "हात चांगला आहे हो कुणाचा तरी" म्हटलं, तेव्हा तो उतरला.

ती वाट म्हणजे मारच होता, मित्रांनो. पत्र्याच्या वळ्यांसारखी जमीन दिवसभर माझी हाडं खिळखिळी करायची. चार चार डबे ओढणारे ट्रक बाजूने गेले की वारा आम्हाला उचलून खड्ड्यात फेकायचा. अशाच एका पडण्यात नेरिडाची हनुवटी फुटली आणि माझी घंटी निखळून गेली. गुडघ्याएवढ्या धुळीत तिने मला ओढलं, शिव्या दिल्या, लाथही मारली. रागाच्या भरात मारलेली लाथ कोण मनावर घेतं? संध्याकाळी तीच माझी साखळी पुसायला बसायची.

एका दुपारी आम्ही या गेटापाशी आलो. गेट सताड उघडं होतं. ते मागे लोटून, तारेचे घट्ट पीळ घालून खांबाला बांधलेलं होतं. नेरिडा दक्षिणेकडच्या दूधवाल्या घरातली. तिच्याकडे उघडं गेट दिसलं की लावायचं, हे पोर चालायला लागल्यापासून शिकवतात. तिने पक्कड काढली आणि घामाघूम होऊन तारेचे पीळ सोडवले. मग गेट लावलं, साखळी अडकवली आणि कुणाचं तरी भलं केल्याच्या आनंदात शीळ घालत पुढे निघाली. मी काय बोलणार? माझ्याजवळ घंटीही उरली नव्हती.

पुढे धुळीने आणि पंक्चरांनी आमचे दिवस खाल्ले. शेवटी वलाराचा मालक मर्व्ह गिल्क्रिस्ट वाटेत भेटला. तो शहरातून पंपाचं सामान घेऊन परतत होता. त्याने मला त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात टाकलं आणि नेरिडाला घरी नेऊन ओसरीवर चहा दिला. वेल्डरबाई, वेल्डरबाई म्हणून तो तिची थट्टा करत होता. नेरिडाने मगात फुंकर घालत सहज सांगितलं, "तुमचं खालचं गेट कुणीतरी उघडं टाकलं होतं. मी लावून घेतलं."

मर्व्हने हातातला चहाचा मग खाली ठेवला.

"तारेने बांधलेलं होतं ना?"

"हो. सोडवताना हात सोलले माझे."

"ते मीच बांधलं होतं, पोरी. चल, गाडीत बस."

गेटापलीकडच्या रानातला पंप जळला होता. पाणी उरलं होतं ते फक्त गेटाच्या अलीकडच्या हौदात. गुरांना तिथवर येता यावं म्हणून मर्व्हने गेट बांधून ठेवलं होतं. आता ती सगळी गुरं त्या उन्हात पाण्यावाचून अडकली होती. हे त्याने गाडी पळवतच सांगितलं.

हंबरडा लांबूनच ऐकू आला. कुंपणाअलीकडे पाणी चमकत होतं आणि पलीकडे तारेला अंग फाडून घेत गुरं एकमेकांवर चढत होती. मेलेली गेटाला टेकून पडली होती. त्यांच्या भाराने गेट उघडेना. मर्व्हने गाडी मागे घेतली.

"गाडीची साखळी गेटाला अडकव आणि खांबामागे हो. मागे वळून बघू नकोस."

तिने साखळी अडकवली. गाडीने हिसका दिला, बिजागऱ्या तुटल्या आणि मी हौद्यातून उडून जमिनीवर आपटले. गुरांचा लोंढा सुटला. एक रक्ताळलेला बैल सरळ नेरिडावर आला. तिने मला उचलून मधे धरलं. त्याचं शिंग माझ्या पोटातून आरपार गेलं, त्याने मला झटकलं, आणि तेवढ्यात ती खांबावर चढली. मग सगळा कळप माझ्यावरून गेला. माझ्या नळ्या मोडल्या, पण सांधा एकही सुटला नाही.

हौदावर तर कत्तलच झाली. तहानलेली गुरं शिंगांनी एकमेकांना फाडत होती, वासरं पायांखाली चिरडली जात होती. मर्व्ह चाबूक उडवत मधे घुसला. जी वाचण्यासारखी होती ती त्याने वाचवली. बाकीची तडफडत राहिली, तेव्हा त्याने बंदूक काढली.

"माझ्याकडे द्या. चूक माझी आहे," नेरिडा म्हणाली.

"नको. तू फक्त बघ. तोंड फिरवू नकोस."

तिने सगळं पाहिलं. प्रत्येक बाराला तिचे खांदे दचकत होते. शेवटचा बार थांबल्यावर ती पुटपुटली की तिच्याकडे उघडं गेट लावायलाच शिकवतात. मर्व्ह बंदूक पुसत होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुमच्याकडे पाणी सगळीकडे आहे," तो म्हणाला. "इथे गेट जसं सापडलं तसं सोडायचं."

नेरिडा पुढे गेली नाही. मर्व्हने तिला ना थांब म्हटलं, ना जा. तिने पंप बसवायला हात लावला, मेलेली गुरं ओढली, मोडक्या गेटाला नव्या बिजागऱ्या जोडल्या. शेवटी तिने मला उचललं. मला वाटलं, आता मला घरी नेऊन बरी करेल. पण तिने मुखवटा चढवला आणि ज्या हातांनी मला जोडलं होतं त्याच हातांनी मला गेटाला जोडून टाकलं. फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? जाताना तिने माझ्या सीटवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

आता मी गंजते आहे. येणारे जाणारे थांबतात, ही मोडकी सायकल इथे का म्हणून विचारात पडतात, आणि तेवढ्यात त्यांचा साखळीकडे गेलेला हात थांबतो. मित्रांनो, दुसऱ्याच्या घरातलं काही सरळ करण्याआधी ते वाकडं कुणी केलं आणि कशासाठी, एवढं विचारत जा.

आज हे गेट उघडं आहे. पलीकडून गुरं पाण्यावर येत आहेत. ते तसंच राहू द्या.