ओत्सोला भीती शिकवायची होती

सकाळी कॉफीला आलेला रेयो खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला, "वहिनी, तुमच्या ओत्सोला सांगून ठेवा, उद्यापासून चराच्या पलीकडे फिरकू नको म्हणावं. शिकार सुरू होतेय."

रेयो हा हिल्काचा धाकटा दीर, गावातल्या शिकाऱ्यांचा म्होरक्या. ओत्सो म्हणजे अस्वल. दलदलीच्या काठी हिल्काचं लपण होतं, फळ्यांचं खोपटं. त्याच्या फटींतून पैसे मोजून आलेले पाहुणे ओत्सोचे फोटो काढायचे. चराच्या अलीकडे बंदुकीला बंदी. पलीकडे रेयोचं ओटचं शेत, आणि ओत्सोला ओटची चटक लागलेली.

"सोड की रे त्याला," हिल्का म्हणाली. "कुणाचं काय वाकडं केलंय त्यानं?"

"मी सोडीन, दुसरा टिपेल. माणसाला न भिणारं अस्वल गावाशेजारी नको, वहिनी. माझ्या शेताकडच्या वाटेनंच पोरं शाळेत जातात. तुम्हीच लाडावून ठेवलंत. आता जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

मेला बोलला ते खरंच होतं, म्हणून तर झोंबलं. नवरा गेल्यापासून या अस्वलाखेरीज तिच्याकडे रोज येणारं दुसरं होतं कोण? पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून ती त्याच्याशी गप्पा मारायची, लपणाच्या दारातून माशांची डोकी फेकायची. कॅमेरे खटखटले तरी गडी मान वर करत नाही, याचं केवढं कौतुक तिला. एवढी शहाणी बाई, पण हे काय होऊन बसतंय ते तेव्हा कळलं नाही.

तिनं ठरवलं. आज त्याला असा दम भरायचा, की पुन्हा माणसाचा वास आला तरी पायाला पाय लावून पळेल. मग लपण बंद पडलं तरी बेहत्तर.

संध्याकाळी ती एकटीच लपणात जाऊन बसली. दलदलीवर क्रौंच ओरडत होते, त्यांची दक्षिणेला जायची तयारी चाललेली. मग डोमकावळे उडाले आणि झुडपातून ओत्सो डुलत बाहेर आला.

हिल्का दार लोटून बाहेर पडली. "पळ मेल्या! चालता हो!" तिनं रिकामा डबा बडवला. ओत्सो दचकून चार पावलं मागे सरला. तिला जरा बरं वाटलं. तिनं दगड उचलून भिरकावला.

दगड बाजूला पडला. ओत्सो तिकडे गेला, त्यानं तो हुंगला, चाटून पाहिला. दुसरा खांद्यावर बसला. तो कळवळला, आणि खाली पडलेला दगड हुंगायला वाकला. तिसरा, चौथा, प्रत्येकामागे तो जात राहिला. या बाईच्या हातून आजवर खाण्याखेरीज काही आलंच नव्हतं.

"अरे, समजून घे ना रे," हिल्का रडत म्हणाली. "उद्या मारतील तुला."

तिचा तो नेहमीचा गप्पांचा आवाज ऐकल्यावर तो निवांत झाला. समोर फतकल मारून बसला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला.